पॅटपाँगच्या जिन्यावर 14,740 बाथचं बिल : एका रात्रीचं पूर्ण प्रकरण

2024 चा नोव्हेंबर, बँकॉक, रात्रीचे अकरा वाजायला आलेले, पॅटपाँग नावाच्या गल्लीत पहिल्या मजल्यावरचा एक बार, आम्ही चौघं आणि समोर 14,740 बाथचं बिल. तेव्हा बाथ अडीच रुपयाच्या आसपास होता म्हणजे जवळजवळ 37 हजार रुपये. आत शिरून अर्धा तास पण झाला नव्हता, आणि खाली रस्त्यावर आम्हाला सांगितलं होतं की बिअर 100 बाथ, बाकी एक पैसा नाही.

हे मी सगळं सविस्तर लिहितोय कारण आमच्या धंद्यात दरवर्षी शेकडो लोक तिकडं जातात. बियाणं, खतं, पाईप, सिमेंट, रंग, कुठलीही डीलरशिप घ्या, टार्गेट पूर्ण झालं की कंपनी बँकॉक-पट्टाया दाखवते. 2023 च्या नोव्हेंबरपासून आपल्याला तिकडं व्हिसा माफ झाला तेव्हापासून तर विचारूच नका, 2024 या एका वर्षात 21 लाखांच्या आसपास भारतीय थायलंडला जाऊन आले. त्यातले कितीतरी रात्री असल्या गल्ल्यांमध्ये फिरतात, आणि परत आल्यावर सगळे सांगतात काय, तर सोन्याचा बुद्ध बघितला, कोरल आयलंड बघितलं. बिलाचं कोणी सांगत नाही. त्यामुळं पुढच्या वर्षी नवी बॅच जाते आणि त्याच जिन्यावर चढते.

कोण होतो आम्ही

मी आणि माझे दाजी, सांगली जिल्ह्यात आमचं दोघांच्या भागीदारीत कृषी सेवा केंद्र आहे, ठिबक आणि पाईपची एजन्सी पण आहे, तिचं टार्गेट झालं म्हणून दोन तिकिटं मिळाली. तिसरे नाशिककडचे एक द्राक्षपट्ट्यातले डीलर, पन्नाशी ओलांडलेले, एकदम शांत माणूस. चौथा बीडकडचा 24 वर्षांचा पोरगा, वडिलांच्या जागी आलेला, पहिल्यांदाच विमानात बसलेला. आमची टूर 5 दिवसांची, पहिल्या 2 रात्री पट्टायाला आणि मग 2 बँकॉकला. बँकॉकचं हॉटेल प्रतुनामला होतं, तिकडं आपल्या लोकांचे ग्रुप खूप उतरतात, इंडियन जेवण चालत जाण्याच्या अंतरावर मिळतं.

आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो कारण नंतर सगळं तिच्यावरच फिरलं. शेवटच्या रात्री जेवण साडेनऊला उरकलं आणि आमचा मोकळा वेळ सुरू झाला. दाजींनी ताईला फोन करून सांगितलं की नदीवर क्रूझला चाललोय, तिथं रेंज नसेल. नाशिकच्या डीलरनी घरी फोनवर सांगितलं की आता झोपतो. पोरानं काहीच सांगितलं नाही. मी बायकोला खरं सांगितलं, की इथं एक प्रसिद्ध बारची गल्ली आहे, मार्केट पण आहे, बघून येतो, काही उद्योग करणार नाही. ती म्हणाली जा, पण पासपोर्ट हॉटेलात ठेवून जा आणि दाजींच्या गळ्यातली चेन काढायला लावा. मी फार सरळ माणूस आहे म्हणून हे सांगतोय असं नाही, आमच्यात तेवढं बोलणं चालतं, इतकंच.

चेनचं तिचं बरोबर होतं. पट्टायाला बीच रोडवर रात्री आपल्या लोकांच्या गळ्यातल्या सोन्याच्या चेन जातात, मिठी मारायच्या निमित्तानं जवळ येतात आणि चेन गेलेली दोन मिनिटांनी कळते. असल्या बातम्या तिकडं सारख्या येत असतात. दाजींची अडीच तोळ्याची हॉटेलच्या लॉकरमध्ये राहिली, ती शाबूत घरी आली.

50 बाथची टुकटुक

हॉटेलच्या गेटवरच टुकटुकवाला उभा, टुकटुक म्हणजे तिकडची रिक्षा. चौघांचे पॅटपाँगपर्यंत 50 बाथ म्हणाला. प्रतुनाम ते पॅटपाँग 4-5 किलोमीटर आहे. मीटरची टॅक्सी नुसती बसल्यावरच 35 बाथ दाखवते, ॲपवरून गाडी बोलावली तरी 100 च्या वर जाते, आणि टुकटुकवाले तर परदेशी माणसाला तेवढ्या अंतराला 200 सांगतात. मग हा 50 मध्ये चौघांना कसा नेईल. आपण स्वतः दुकानदार आहोत, खरेदी किमतीच्या खाली कोणी माल द्यायला लागला की आपण लगेच विचारतो की हा कमावतो कुठं, पण त्या रात्री चौघांपैकी एकाच्याही डोक्यात तो प्रश्न आला नाही. उत्तर सोपं आहे, त्याचं कमिशन बारकडून येतं. टेलरच्या दुकानाचं, रत्नांच्या दुकानाचं, मसाजचं आणि बारचं, सगळीकडं हीच पद्धत. तो आपल्याला हव्या त्या जागी सोडतच नाही, त्याच्या जागी सोडतो.

पॅटपाँग म्हणजे दोन समांतर गल्ल्या आहेत, सिलोम आणि सुरावाँग या दोन मोठ्या रस्त्यांना जोडणाऱ्या. ही खाजगी मालकीची जागा आहे हे मला नंतर कळलं, पटपोंगपानिच नावाच्या चिनी वंशाच्या कुटुंबानं 1946 ला घेतली, तेव्हा तिथं केळीची बाग होती. मग ऑफिसं आली, व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकन सैनिक सुट्टीला यायला लागले आणि बार वाढले. आता पॅटपाँग 1 च्या मधोमध रात्रीचं मार्केट भरतं, घड्याळं, टीशर्ट, पर्स, सगळा कॉपी माल, आणि त्याच्या दोन्ही बाजूला बार. स्कायट्रेनचं साला डेंग स्टेशन तिथून चालत 5 मिनिटांवर आहे. म्हणजे आम्ही गाडीनं गेलोच नसतो तरी चाललं असतं, ट्रेननं गेलो असतो तर त्या माणसाच्या हातात सापडलोच नसतो.

टुकटुकवाल्यानं आम्हाला मार्केटच्या तोंडाशी नाही सोडलं, थोडं आत एका जिन्यापाशी सोडलं आणि तिथं उभ्या असलेल्या माणसाला थाई भाषेत काहीतरी बोलला. त्या माणसाच्या हातात लॅमिनेट केलेलं कार्ड, त्यावर शोची यादी. काय काय होतं ते इथं लिहीत नाही, ज्यांनी ऐकलंय त्यांना माहीतच आहे. तो हिंदीत म्हणाला, "आओ आओ, फ्री, देखो पहले." मग मोडक्या इंग्लिशमध्ये की शोचे पैसे नाहीत, बिअर 100 बाथ, आवडलं नाही तर परत या. पोरानं तिथं दाजींचा जिन्याच्या पायरीवर उभं राहून फोटो काढला, मागं निऑनचा बोर्ड. दाजी म्हणाले डिलीट कर रे तो, पोरगं म्हणालं करतो करतो, आणि केला नाही. हा फोटो लक्षात ठेवा.

आत काय झालं

जिना अरुंद, एका वेळी एकच माणूस चढेल असा, वर जाड पडदा आणि त्याच्या आत लोखंडी दार. आत बऱ्यापैकी अंधार, आवाज मोठा, गिऱ्हाईक आमच्याशिवाय फार तर सहा-सात जण. बसलो, चार बिअर आल्या. दोन मिनिटांत चार मुली येऊन शेजारी बसल्या, नाव काय, कुठून आलात, आणि मग "कोला?" एवढंच. दाजींनी मान हलवली. नाशिककरांनी पण. पोरानं तीनदा. माझ्या शेजारचीनं विचारलं तेव्हा मी पण हो म्हणालो, नाही म्हणायला कसंतरी वाटलं. किती पैसे हे कोणीच विचारलं नाही.

याला तिकडं लेडी ड्रिंक म्हणतात. साध्या भाषेत सांगायचं तर मुलीला आपण पाजलेलं पेय, त्याची किंमत आपल्या बिअरपेक्षा जास्त असते आणि त्यातला काही भाग तिला कमिशन म्हणून मिळतो. यात फसवणूक काही नाही, तो तिथला उघड व्यवहार आहे, खालच्या मजल्यावरच्या धड चालणाऱ्या बारमध्ये दर छापलेला असतो आणि प्रत्येक ऑर्डरची चिठ्ठी आपल्यासमोरच्या पेल्यात गुंडाळून ठेवतात, केव्हाही काढून बेरीज करा. आमच्या टेबलावर पेला नव्हता, चिठ्ठी पण नव्हती. तेव्हा ते लक्षात यायला आम्हाला माहीत तर पाहिजे की चिठ्ठी असते म्हणून.

शोबद्दल एवढंच लिहितो की बघवत नव्हतं. त्या बाईच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, घड्याळाकडं बघून काम उरकावं तसं चाललेलं. नाशिककर मान खाली घालून बसले. मी दाजींना म्हटलं, "दाजी, निघूया का?" ते म्हणाले, "चला, मलाही बरं वाटंना."

बिल मागितलं तसा आवाज बंद झाला आणि शेजारच्या मुली एकदम उठून गेल्या. पन्नाशीची एक बाई आली, तिथं तिला ममासान म्हणतात, म्हणजे सगळं सांभाळणारी. तिच्या हातात मोठ्या बटणांचा कॅलक्युलेटर, मागचं झाकण चिकटपट्टीनं लावलेलं. तिनं आकडा मारला आणि आमच्याकडं फिरवला. 14,740. मग कागद दिला. बिअर 400. लेडी ड्रिंक 6, प्रत्येकी 500, म्हणजे 3,000. शो चार्ज माणशी 2,500, चौघांचे 10,000. वर 10 टक्के सर्व्हिस, 1,340. बेरीज अगदी चोख होती. मी वळून बघितलं तर दारापाशी दोन माणसं येऊन उभी राहिलेली, हात मागं, काही न बोलता.

पुढची चार-पाच मिनिटं मी पुन्हा पुन्हा आठवून काढलीत, दाजींनाही विचारलं, पोरालाही विचारलं, कारण सगळं तिथंच घडतं किंवा बिघडतं.

दाजींनी सरळ पाकीट काढलं. 3,000 बाथ तिच्या ट्रेमध्ये ठेवले आणि उरलेल्यासाठी कार्ड शोधायला लागले. मला म्हणाले, "पाव्हणं, गप देऊन टाकूया, विषय संपवा." आवाज इतका बारीक की मला तोंडाजवळ कान न्यावा लागला. आमचे दाजी कोण, तर उधारीसाठी कुणाच्याही दारात जाऊन उभं राहणारा माणूस, पंपाच्या वॉरंटीवरून कंपनीच्या मॅनेजरला घाम फोडलेला. तो माणूस 37 हजार द्यायला एका सेकंदात तयार झाला. दुसरीकडं पोरगं उठलं, आवाज चढवला आणि मोबाईल काढून व्हिडिओ करायला लागलं. दारातला एक जण दोन पावलं पुढं आला. मी पोराचा हात धरून खाली बसवला, मोबाईल खिशात घालायला लावला. तिथं व्हिडिओ काढणं म्हणजे मारामारीला आमंत्रण, आणि दुसरं म्हणजे आत काम करणाऱ्या त्या बायांचा काय दोष, त्यांचे चेहरे आपण का काढायचे.

मी बसूनच राहिलो. उभं राहिलो नाही हे बरं झालं असं मला वाटतं, बसलेला माणूस धमकी देतोय असं दिसत नाही. ममासानला म्हणालो बिअर ओके, लेडी ड्रिंक ओके, शो नो, बिकॉज डाऊन मॅन से फ्री. ती म्हणाली डाऊन मॅन नॉट माय मॅन. मग मी फोन काढला आणि 1155 लावला. हा टूरिस्ट पोलिसांचा नंबर, चोवीस तास, इंग्लिश बोलतात. एअरपोर्टवर चौघांत मी एकट्यानंच थाई सिमकार्ड घेतलं होतं, बाकीचे हॉटेलच्या वायफायवर चालले होते.

पलीकडं बाई होती, सावकाश बोलत होती. कुठं आहात. पॅटपाँग. कुठला बार. आणि इथं मी अडकलो, कारण बारचं नाव मला माहीतच नव्हतं. खाली बोर्ड वाचला नव्हता, बिलावर नाव नव्हतं, आतही कुठं दिसत नव्हतं. पोरानं तेवढ्यात मोबाईल माझ्यासमोर धरला. दाजींचा तो फोटो, मागं निऑनचा बोर्ड, नाव स्पष्ट. मी एकेक अक्षर मोठ्यानं वाचून फोनवर सांगितलं.

ममासानचा हात कॅलक्युलेटरवर थांबला. मग तिनं आकडा बदलला, 8,000. मी फोनवर बोलतच राहिलो, चार जण आहोत, दार अडवलंय, हळू आवाजात. 5,000. मी मान हलवली. मग तिनं कॅलक्युलेटर टेबलावर पालथा ठेवला, ट्रेमधल्या 3,000 मधून 1,000 ची नोट काढून दाजींच्या पुढ्यात टाकली आणि दाराकडं हात केला. दारातली माणसं बाजूला झाली. चार बिअर आणि सहा कोल्ड्रिंकचे 2,000 बाथ, आपले 5 हजार गेले. ते पण जास्तच आहेत, पण पिलेल्याचे पैसे द्यायचे होतेच आणि दर आम्ही विचारला नव्हता, म्हणून त्याबद्दल माझी तक्रार नाही.

बाहेर पडताना दाराशेजारच्या बाकड्यावर माझ्या शेजारी बसलेली मुलगी दिसली. साधी रबरी चप्पल घातलेली, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यातला चिकट भात बोटांनी गोळा करून खात होती. तिनं वर पण बघितलं नाही.

बाहेर आल्यावरची चूक

फोन अजून चालू होता. त्या ऑपरेटर बाई म्हणाल्या मोठ्या रस्त्यावर उजेडात जाऊन थांबा, तक्रार द्यायची असेल तर आमचा माणूस येतो, तुमच्याबरोबर परत वर जाऊन बोलेल. दाजींनी माझा दंड धरला. "नको पाव्हणं, नाव लिहून घेतील, पासपोर्ट बघायला मागतील, कंपनीला कळंल, घरी कळंल." नाशिककर पण नको म्हणाले. मी नो थँक यू म्हणून फोन ठेवला.

या पूर्ण प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक मी हीच मानतो, बिल नाही, टुकटुक नाही. कारण आम्ही जिन्यापासून दहा पावलं गेलो नाही तोवर चार-पाच आपलीच पोरं, हिंदी बोलणारी, त्याच माणसाबरोबर वर चढताना दिसली. मी ओरडलो, "भाई, मत जाओ, ऊपर लूटते है." ती हसली आणि वर गेली. तक्रार दिली असती आणि वर्दीतला माणूस आमच्याबरोबर त्या जिन्यावर उभा असता तर निदान त्या रात्री ती पोरं चढली नसती.

आता दाजींनी पाकीट का काढलं यावर बोलतो. त्यांची परवानगी घेऊन लिहितोय. ते म्हणतात मला त्या दोन माणसांची भीती वाटलीच नाही, मला वाटलं इथं भांडण झालं, पोलीस आले, तर ही क्रूझ नाही हे घरी कळणार. म्हणजे 37 हजार ते बारला देत नव्हते, त्या एका खोट्या फोनचे देत होते. आणि बारवाल्यांना हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. बापे माणसांचा ग्रुप, शेवटची रात्र, दुसऱ्या दिवशी फ्लाइट, घरी काहीतरी दुसरंच सांगितलेलं, असा माणूस भांडत नाही. दारात माणसं उभी असतात ती नुसती आठवण करून द्यायला. मी त्यांच्यापेक्षा धीट वगैरे अजिबात नाही, हात माझेही थरथरत होते, पण घरी लपवायचं काहीच नव्हतं त्यामुळं मला नंबर फिरवता आला. फरक एवढाच होता.

त्यातून सासर-माहेरचं नातं. मेव्हण्यासमोर दाजी अन् दाजींसमोर मेव्हणा. एकटे असते तर दोघांपैकी कोणी वर चढलंच नसतं असं आता दोघांनाही वाटतं. एकमेकांसमोर मागं कसं हटायचं म्हणून चढलो.

त्या मुलींचं

हे लोकांना आवडत नाही पण लिहितो. शो चार्जच्या त्या 10,000 मधलं त्या बायांना काही मिळालं असतं असं मला वाटत नाही, त्यांचं येतं ते कोल्ड्रिंकच्या कमिशनवर. यातल्या खूप जणी ईसान म्हणून जो ईशान्येकडचा कोरडवाहू भाग आहे तिथल्या शेतकरी घरातल्या असतात, चिकट भात हे तिकडचंच रोजचं जेवण. आपल्या पट्ट्यातून ऊसतोडीला माणसं बाहेर पडतात तसं तिथून बँकॉकला पडतात. याच पॅटपाँगमध्ये 1985 ला एम्पॉवर नावाची संस्था सुरू झाली, बारमधल्या बायांना इंग्लिश शिकवायला, की गिऱ्हाइकाशी स्वतः व्यवहार बोलता यावा आणि फसवलं जाऊ नये. म्हणजे या गल्लीत फसवलं जाण्याचा प्रश्न आपल्याआधी त्यांचा आहे. कायद्यानं बघितलं तर थायलंडमध्ये वेश्याव्यवसाय आजही बेकायदाच आहे, 1996 चा कायदा आहे, त्यामुळं त्यांना तक्रार करायची झाली तर आधी स्वतःवरच येतं. आपल्या लोकांनी तिथं मुलींचे हात ओढणं, न विचारता फोटो काढणं, "कितना" म्हणून रस्त्यावर ओरडणं मी स्वतः बघितलंय, लाज वाटली. आणि वयाचं तर बोलायलाच नको, बारमध्ये जायला तिथं 20 पूर्ण लागतात, 18 च्या खालच्या कोणाशी काहीही संबंध आला तर तो सरळ जेलचा विषय आहे, आणि असायलाच पाहिजे.

मग आता आम्ही काय करतो

जाऊ नका असं मी म्हणणार नाही, मोठी माणसं आहेत, ज्याला बघायचंय तो बघणार. पण वरच्या मजल्यावर नाही, रस्त्यावरच्या माणसाबरोबर नाही. तळमजल्यावर रस्त्यावरून आत दिसतं असे बार आहेत, पॅटपाँगमध्ये आहेत, असोक स्टेशनजवळ सोई काउबॉय आहे, ती गल्ली 1977 मध्ये तिथं बार काढलेल्या एका निवृत्त अमेरिकन सैनिकाच्या टोपीवरून ओळखली जाते, तिकडं गर्दीत माणूस सुरक्षित असतो. बसायच्या आधी दर बघा, प्रत्येक ऑर्डरची चिठ्ठी बघा, लेडी ड्रिंक नको असेल तर हसून नो म्हणा, कोणी रागवत नाही. आपला ग्लास सोडून बाथरूमला जायचं नाही, गेलात तर परत आल्यावर नवीन घ्या.

आत जायच्या आधी बाहेरच्या बोर्डाचा फोटो, हे आम्ही आता नियम म्हणूनच धरलंय. खिशात त्या रात्रीपुरते सुटे पैसे, 100 च्या नोटा, 1,000 ची नोट दिली की सुटे परत येतीलच असं नाही. कार्ड हॉटेलात. कारण कार्ड दिसलं की ते एटीएमपर्यंत माणूस बरोबर देतात, आणि परदेशी कार्डाला तिथलं एटीएम दर वेळी वेगळेच पैसे कापतं, आम्ही गेलो तेव्हा 220 बाथ कापायचं. पासपोर्टची झेरॉक्स आणि मोबाईलमध्ये फोटो ठेवा. चौघांत निदान दोघांकडं चालू सिम पाहिजे. हॉटेलचं थाई लिपीत छापलेलं कार्ड खिशात ठेवा, कारण स्कायट्रेन रात्री बाराच्या सुमारास बंद होते आणि त्या दिवशी आम्ही तिथं ड्रायव्हरला प्रतुनाम, प्रतुनाम म्हणून तीन प्रकारे उच्चारून दाखवत होतो, त्याला काही कळेना, कार्ड दाखवल्यावर लगेच कळलं. अजून एक, व्हेप म्हणजे ई-सिगारेट घेऊन जाऊ नका, दुकानात मांडलेले दिसले तरी त्यांची आयात 2014 पासून बंद आहे, सापडलात तर तिथं पोलिसांशी तुमचंच बोलणं सुरू होतं आणि मग 1155 ला फोन करायची हिंमत कुठून येणार.

आणि घरी खरं सांगून जा. सगळं नाही तर निदान कुठल्या भागात चाललोय एवढं.

संक्रांतीला ताईकडं गेलो होतो, त्या बीडच्या पोराचा दाजींना फोन आला, स्पीकरवर, आणि तो बोलता बोलता म्हणून गेला की दाजी तो बोर्डवाला फोटो अजून ठेवलाय बरं का. ताई तिळाच्या वड्या कापत होती. दाजींनी फोन ठेवला आणि तिथंच बसून पहिल्यापासून सगळं सांगितलं, क्रूझच्या फोनसकट. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पैसे उकळले, दार अडवलं, पोलीस फोनवर होते, मग तक्रार का नाही केलीत?" दाजी माझ्याकडं बघायला लागले आणि मी वड्यांकडं. मग तिनं विचारलं, "ती पोरगी रात्री अकराला जेवत होती?"

फेब्रुवारीत कंपनीची पुढची बॅच जाणार होती. डीलरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनशेच्या वर लोक आहेत. दाजींनी स्वतः मेसेज टाईप केला, मला फक्त शुद्धलेखन बघायला सांगितलं. पहिलीच ओळ होती, "मी स्वतः या बारमध्ये गेलो होतो." खाली बोर्डाचा फोटो, दाजी पायरीवर उभे, चेहरा न झाकता, आणि त्याखाली 1155. ग्रुपवर कोणी काही बोललं नाही, एक अंगठा पण नाही. रात्री जेवताना दाजींनी मोबाईल माझ्यापुढं सरकवला. पर्सनलला 11 जणांचे मेसेज आलेले, दोन आमच्याच तालुक्यातले, सगळ्यांचं जवळजवळ एकच, आम्हालाही असंच झालेलं पण कुणाला बोललो नाही.